डाव्या बाजूचा ग्विलिम

“अरे, बस की एका जागी! सकाळपासून किती वेळा खुर्ची फिरवशील?” नेस्टा करवादली.

ग्विलिमने तरीही खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेलीच. आता बायको त्याच्या उजव्या हाताला आली. डाव्या कानाने त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. लढाईत, इटलीत तोफेशेजारी उभं राहून राहून तो कान कायमचा गेला होता, आणि हे अख्ख्या गावात एकट्या नेस्टाला ठाऊक होतं.

“बेव्हनकाकांना सांगून टाक. म्हातारा वाईट नाही.”

“आणि मग? सोमवारपासून परत खाणीत?” तो उसळला. “चेंडूच्या जोरावर त्या भोकातून बाहेर पडलो होतो गं. जरा कुठे नाव व्हायला लागलं, तर ही लढाई तडमडली मधेच! ऐन उमेदीची वर्षं गेली मातीत. आता तिशी आली. या शनिवारी घेतलं तर घेतलं, नाहीतर कुत्रं विचारणार नाही.”

लढाईनंतरचा पहिला मोसम शनिवारी सुरू होत होता. शहरातल्या फुटबॉल क्लबाचा संघ आजच्या सराव-सामन्यावरून ठरायचा होता आणि तो ठरवणार होते बेव्हन. ग्विलिमला पूर्वी खाणीतून उचलून नेलं होतं ते त्यांनीच.

तेव्हा तो उजव्या बगलेला खेळायचा. पण उजव्या कडेने धावताना सगळं मैदान डावीकडे राहतं, म्हणजे सोबत्यांच्या सगळ्या हाका बहिऱ्या कानावर. म्हणून परत आल्यापासून पठ्ठ्याने चॅपलच्या, म्हणजे गावातल्या प्रार्थनाघराच्या, मागच्या भिंतीवर चेंडू हाणून हाणून डावा पाय तयार केला होता. चॅपलचे वडीलधारे दोनदा ओरडून गेले, पण हा हटला नाही.

“आज डावीकडून खेळतो, काका,” मैदानावर तो बेव्हनना म्हणाला.

“डावीकडून? तुझा डावा पाय नुसता उभं राहायला होता रे!”

“बघा तर खरं.”

आणि काय खेळला! अंगात आल्यासारखा. फक्त जरा धावला की मान वळवून मागे बघायचा, पुन्हा धावायचा, पुन्हा बघायचा. बेव्हन पाईप चावत कडेला उभे होते.

शेवटी शेवटी चेंडू अलगद त्याच्या पायात आला. समोरचा बचावपटू पुढे आलाच नाही. दुसराही नाही. आयला, झोपले की काय हे! त्याने डाव्या पायाने असा ठोकला की जाळी फाटायची बाकी राहिली.

वळून बघतो तर पोरं एकमेकांशी हात मिळवत होती. गोलकीपर टोपी उचलून केव्हाच निघाला होता. सामना संपला होता. शिट्टी वाजवली तेव्हा पंच मैदानाच्या मधोमध उभा होता, ग्विलिमच्या उजव्या अंगाला, चांगल्या कानाच्या बाजूला.

म्हणजे हा कानही चालला.

पोरं हसत होती. मुद्दाम मारल्यासारखं दाखवत त्यानेही हसून हात हलवला.

कपडे बदलायच्या खोलीत बुटांचा आणि बादल्यांचा नुसता खडखडाट चालला होता. बेव्हन पाठमोरे उभे राहून पाईप भरत होते. ते काहीतरी म्हणाले. ग्विलिमला फक्त त्यांचे खांदे हलताना दिसले. मग ते थांबले. उत्तर हवं होतं त्यांना.

असल्या वेळी नुसतं ‘हो हो’ म्हणून भागायचं. पण शिट्टीचंच विचारलं असणार, दुसरं काय! पकडलो गेलो आपण. या लपाछपीचा त्याला एकाएकी वीट आला.

“नाही ऐकू आली शिट्टी, काका. डावा कान इटलीतच गेला. उजवाही चाललाय, ते आज कळलं.”

बेव्हन वळले.

“हे नव्हतं विचारलं मी, लेका.”

“मग?”

म्हातारा त्याच्यासमोर येऊन बाकावर बसला. ओठ नीट दिसतील इतका जवळ सरकला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, “शनिवारी डावीकडून खेळशील का, असं विचारलं होतं.”

“आणि आता?”

“आता हे कळल्यावर कसं विचारू रे?”

“ऐकू आलं,” ग्विलिम म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला.