तेलाचा चमचा

नॉर्वेतल्या आमच्या लोफोटेन बेटांवर बाळाला दात यायच्या आधीच माशाचं तेल चाटवतात. माझी नात ईडुन मात्र तेलाचा चमचा दिसला की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

घरी येणारी आरोग्यसेविका गुन्वोर म्हणाली, "जबरदस्ती करू नका. मोठ्यांना खाताना बघूनच मुलं शिकतात."

मग काय, नातीसमोर मी चमचाभर तेल प्यायलो. माझं वेडंवाकडं तोंड बघून पोरगी खदखदून हसली, पण तेल काही घेईना. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाला ती हसेनासुद्धा. तिला नवं तोंड हवं! मग तेल पिऊन मुलगी झाली, जावई झाला, शेजारी झाले. पोस्टमन ओड्वार तर आता आमची पत्रं कुंपणावरूनच फेकतो. पाद्रीबुवांनी तेल घेतलं आणि रविवारच्या प्रवचनात नाव न घेता आम्हाला झोडपलं.

"बाबा, सगळं गाव तेल पितंय, एक हिच्याशिवाय!" मुलगी वैतागली.

"पिऊ दे! गुडघे तरी सुधारतील त्यांचे," मी खेकसलो.

शेवटी गुन्वोरलाच बोलावलं. "तुम्हाला धड दाखवताच येत नाही," म्हणत तिने ऐटीत चमचा तोंडात घातला. तिचे डोळेच पांढरे झाले.

ईडुनने टाळ्या पिटल्या. मग स्वतःच चमचा उचलून वाटीतल्या तेलात बुडवला. मी श्वास रोखला. तिने तो गुन्वोरच्या तोंडापाशी नेला आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, "आणखी!"

गुन्वोरने ओठ घट्ट मिटून घेतले.

"जबरदस्ती करू नकोस गं," मी नातीला म्हणालो.