ओग्नियानशिवाय सहा महिने

आमच्या गावात माणूस मेला की त्याचा कागद लागतो. काळी चौकट, फोटो, नाव. घराच्या फाटकावर, बसथांब्यावर, बेकरीच्या दारावर. चाळीस दिवसांनी नवा लागतो, सहा महिन्यांनी 'अमक्याशिवाय सहा महिने' असा लागतो, वर्षानं लागतो, आणि घरच्यांच्यात उरक असेल तर पुढं वीस वर्षं लागत राहतो. माझ्या नवऱ्याचा मी अकरा वर्षं लावतेय. हे कागद कुणी वाचत नाही. चौकट दिसते, नाव दिसतं, आपण मान खाली घालतो आणि पाव घ्यायला आत जातो. हे आधी सांगते, कारण झालं त्याचं मूळ इथंच आहे. आणि पहिली चूक माझी आहे, ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

मी वासिल्का. गावचं वाचनघर सांभाळते. दोन वर्षांपूर्वी मी लहान मुलांसाठी इंटरनेटवर एक पान सुरू केलं. निम्मा गाव पोटासाठी परदेशात; पोरांनी चार ओळी लिहिल्या तर तिकडं त्यांची माणसं वाचतील, एवढाच विचार. नियम एकच, पण कडक. पोराचा मजकूर पानावर जाण्याआधी आईनं किंवा बापानं पोराला शेजारी बसवायचं, मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि मग कागदावर सही करायची. पोरं काहीही लिहून जातात. घराची किल्ली कुठं असते, आई किती वाजता कामावर जाते, सगळं. डोळे अशा गोष्टींवरून घसरतात, कान घसरत नाहीत. म्हणून मोठ्यानं.

नेवेना नऊ वर्षांची. माझ्या पानावर सगळ्यात जास्त लिहिणारी पोरगी. बाप ओग्नियान जर्मनीत गोदामात कामाला, आई इस्क्रा इथं शिवणकारखान्यात दोन-दोन पाळ्या करणारी. त्या शुक्रवारी नेवेना मजकूर घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेली. इस्क्रा सुट्टीच्या दहा मिनिटांत उभ्या उभ्या पाव खात होती. "चांगलंच लिहिलं असशील," असं म्हणून तिनं पोरीच्या पाठीवर कागद पालथा ठेवून मागच्या बाजूला सही केली. आणि मी? अकरा पोरांनी आपापले मजकूर वाचनघराच्या संगणकावर स्वतःच घालून ठेवले होते, माझ्यापुढं, अकरा सह्या होत्या. मी सह्या मोजल्या, बटण दाबलं आणि कुलूप लावून घरी गेले. दुसऱ्यांना नियम शिकवणारी बाई ही.

शनिवारी सकाळी बेकरीवाली माझ्याकडं रडतच आली. "ओग्नियान गेला हो. आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही." तिच्या फोनवर माझंच पान उघडं होतं. काळी चौकट, ओग्नियानचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत: ओग्नियानशिवाय सहा महिने. खाली बराच मजकूर होता. तो तिनं वाचला नव्हता. खरं सांगायचं तर मीही त्या क्षणी वाचला नाही.  तो मजकूर पानावरून काढायचंही सुचलं नाही, तशीच इस्क्राच्या घराकडं धावले.

फाटकाशी आधीच सहा-सात जण उभे होते. हातात फुलं, सम संख्येत, मेलेल्याला नेतात तशी. इस्क्रा झोपेतून उठून दारात आलेली, केस मोकळे, काही कळेना तिला. "अहो, जिवंत आहे तो. गेल्या रविवारी तर फोन आला होता," ती प्रत्येकाला सांगत होती. लोक फुलं मागं लपवायला लागले. नेवेना आईच्या मागं उभी होती, चेहरा पांढराफटक.

एवढ्यावर निभावलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण साडेदहाची बस आली आणि त्यातून ओग्नियानची आई उतरली.

त्सोना आजी डोंगराकडच्या गावात एकटी राहते. दीड तासाचा रस्ता. तिच्याकडं धड फोन नाही. मुलगा बायकोच्या तोंडून निरोप पाठवतो, आई बरी असशील, मी बरा आहे. सकाळी पोस्टवालीनं तिला आपल्या फोनवर चौकट दाखवली होती. म्हातारी वाद घालत बसली नाही. घरात मेलेल्याच्या नावानं वाटतात तो गहू उकडला, साखर घातली, काळं नेसली आणि पातेलं मांडीवर घेऊन बसमध्ये बसली.

ती सरळ इस्क्रापुढं जाऊन उभी राहिली. "सहा महिने?" ती म्हणाली. "सहा महिने माझ्याशी खोटं बोललीस? त्याला पुरलात आणि मला निरोप देत राहिलीस, बरा आहे म्हणून?"

"आई, ऐका तरी. तो आहे. आत्ता फोन लावते."

"माझं पोर मातीत जाऊन सहा महिने झाले आणि मी इकडं त्याच्यासाठी मोजे विणत बसले होते."

इस्क्राच्या हातातून घेऊन फोन मीच लावला. दोनदा वाजून बंद झाला. त्या वेळात म्हातारी आम्हा दोघींकडं जशी बघत होती तशी नजर माझ्या वैऱ्यावरही पडू नये. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. "काय गं, कामावर आहे मी," त्याचा आवाज आला. त्सोना आजीनं तो ऐकला. पातेलं अंगणात खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारीच जमिनीवर बसली.

मी वाचनघरात जाऊन तो मजकूर पानावरून काढून टाकला. दुपारी ओग्नियानचा मला फोन. त्याला गोदामातच गावचे तीन जण भेटून गेले होते, एकानं तर त्याला बघून छातीवर क्रूसाची खूण केली म्हणे. "बाई, नेवेनाचं नाव काढा तिथून. तिनं यापुढं एक अक्षर लिहायचं नाही. माझ्या आईला मारलं असतं तिनं आज."

"तू वाचलंस का, काय लिहिलंय ते?"

"वाचायचंय काय त्यात? चौकट बघितली ना."

माझं टाळकं सरकलं. हा ओग्न्या माझ्याच हाताखाली अक्षरं शिकलेला. मी म्हटलं, "नियम दोन्ही बाजूंनी. मजकूर लावायला आईबापानं मोठ्यानं वाचायचा, तसा पोरीची लेखणी काढून घ्यायलाही वाचायचा. पोरगी शेजारी पाहिजे. उद्या दुपारी फोन कर. वाच, आणि मग तुझा शब्द शेवटचा. मी मध्ये येणार नाही."

रविवारी दुपारी आम्ही वाचनघरात बसलो. टेबलावर फोन. एका बाजूला नेवेना, हात मांड्यांखाली घालून. तिच्याजवळ इस्क्रा. त्सोना आजी खिडकीशी. कालपासून ती कुणाशी बोलली नव्हती. नेवेना येताना रस्त्यात मला एवढंच म्हणाली होती, "बाबा मेला असं मी कुठं लिहिलंच नाही. माणूस नसला की असंच लिहितात ना?"  तिच्या जन्मापासून तिनं गावभर तेच तर पाहिलं होतं.

ओग्नियानला मजकूर मी पाठवला होता. तो वाचायला लागला, भराभर, कटकट उरकावी तसा.

"ओग्नियानशिवाय सहा महिने. बाबाच्या खुर्चीवर आता धुतलेले कपडे असतात. इस्त्री झाली की आई ते उचलते आणि लगेच दुसरे ठेवते, म्हणजे खुर्ची रिकामी दिसत नाही. आई रात्री भिंतीकडं तोंड करून झोपते. मला वाटतं ती झोपत नाही."

इस्क्रानं तोंडावर हात घेतला. सही तिनं याच्यावर केली होती.

"बाबा रविवारी फोन करतो. तो विचारतो, जेवलीस का. मी हो म्हणते. मग विचारतो, अभ्यास केलास का. मी हो म्हणते. मग तो शाब्बास म्हणतो आणि मी फोन आईला देते. एकदा मी," इथं त्याचा वेग कमी झाला, "एकदा मी दोन्हीला नाही म्हणून बघितलं. तरी तो शाब्बास म्हणाला."

  फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पुढं वाच," त्सोना आजी खिडकीशी बसूनच म्हणाली. कालपासूनचे तिचे पहिले शब्द. "एक सकाळ माझा मुलगा मेला होता रे. या पोरीचा बाप सहा महिने मेलाय. वाच."

त्यानं वाचलं. खाली एकच ओळ उरली होती. "ज्यांना बाबा आठवतो त्यांनी मला सांगा, तो कसा हसायचा." ती त्यानं दोनदा वाचली.

 मग तो म्हणाला, "बाई, तिचं नाव राहू दे. चौकट मात्र नको. आणि यापुढं मजकूर आधी मला पाठवायचा. मी वाचेन. सही इस्क्रा करेल, पण वाचेन मी."

"मोठ्यानं," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

इस्क्रानं फोन नेवेनापुढं सरकवला. नेवेना त्याच्याकडं बघत राहिली. हात अजून मांड्यांखालीच.

"नेवेना," ओग्नियान म्हणाला. आणि त्याला दुसरं काही सुचलं नसावं. "जेवलीस का?"

ती आईकडं वळली, मग परत फोनकडं. "नाही."

तिकडं कुणीतरी त्याला हाक मारली, जर्मनमध्ये.  त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"का नाही जेवलीस?" तो म्हणाला. "सांग. मी ऐकतोय."