नव्यासारखी कवळी

"उकळत्या पाण्यात टाकलीत ना? खरं सांगा!"

दातवाले काकांनी कवळी खिडकीच्या उजेडात धरली. समोर शिंपीबुवा तोंडावर रुमाल दाबून, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे उभे.

"शाफ व्हावी म्हणून हो, काका."

"साफ? अहो, ही कवळी आहे, अंडं नव्हे! गरम पाण्यानं वाकते ती. आणि पुढच्या दातांना ही खाच कसली? टाचण्या धरता ना दातांत?"

शिंपीबुवांनी रुमाल डोळ्यांपर्यंत वर नेला.

चाळीस वर्षं काकांनी कवळ्या केल्या. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी जुनी गिऱ्हाइकं घरी येत आणि व्याख्यान ऐकून जात. मऊ ब्रश, साधा साबण. धुताना खाली पाणी भरलेलं घमेलं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री गार पाण्यात बुडवून ठेवायची. आणि व्याख्यानाचा शेवट तर ठरलेलाच.

"अगं, तुझी आण जरा!"

काकू आतून वाटी घेऊन आल्या आणि ओठ मिटून हसल्या.

"बघा! दुकानातलं माझं शेवटचं काम. तीन वर्षं झाली. एक ओरखडा दाखवा, मिशी उतरवतो!"

"काकूंची गोष्टच वेगळी," शिंपीबुवा रुमालाआडून म्हणाले. "आम्हाला हिरा दिला तरी आम्ही त्यानं खिळे ठोकू."

ते गेले. काकांनी चष्मा पुसला आणि काकूंची कवळी पुन्हा हातात घेतली, आपल्याच कामाचं कौतुक करायला! दाढांवरच्या बारीक रेघा त्यांनी एकेक करून कोरल्या होत्या. त्या सगळ्या तशाच होत्या.

सगळ्या तशाच?

काकांचा अंगठा दाढेवर थांबला. रोज चावलं की वर्षाभरात दाढांची टोकं बोथट होतात. शिंपीबुवांच्या तर पार सपाट झाल्या होत्या. कोण कुठल्या बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो, हे काका दाढा बघून सांगत. लोक तोंडात बोट घालत. आणि घरातल्या घरात? दिव्याखाली मिट्ट अंधार! "तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसते," हे काकूंचं वाक्य गेली तीन वर्षं ते कौतुकानं ऐकत आले होते.

सगळे दात गेल्यापासून नऊ वर्षं काकू विचारत होत्या, "माझी कधी हो?" काका म्हणत, "एवढं नवरदेवाच्या बापाचं होऊ दे." "त्या मास्तरीणबाईंची शाळा सुरू होतेय." अख्ख्या गावाच्या बत्तीशा बसल्या. काकूंची पाळी आली तेव्हा हिरड्या झिजून नुसती कड उरली होती आणि माप घेताना काकांचा हात कापत होता. साचा हलला होता. हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. "बसेल सवयीनं," असं म्हणून त्यांनी तो तसाच पुढे वापरला होता.

"अगं."

"काय हो?"

"ही तू घालत नाहीस."

काकू ओटा पुसत राहिल्या. "घालते की. लग्नाकार्याला जाताना घालते. फोटोत नाही का घातली?"

"जेवताना?"

ओटा स्वच्छ झाला होता, तरी फडकं फिरतच होतं.

"कुठं लागते?"

"जाऊ द्या ना आता."

"कुठं?"

"उजवीकडे. रक्त यायचं." मग घाईघाईनं, "पहिल्यांदा पहिल्यांदाच हं! तुम्ही एवढ्या हौसेनं केलीत, हात कापत असताना. कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, घालवत नाही तर निदान जपावी तरी."

काकांनी कपाट उघडून बारीक कानस काढली. ती कवळीच्या उजव्या कडेला लावली. हात इतका थरथरला की कानस दातांवर कटकट वाजली. त्यांनी ती परत ठेवून दिली.

"चल, वाढ दोघांना," ते म्हणाले. "आज माझ्याबरोबर बस."

काकूंनी पोळीचे तुकडे वरणात मऊ होईपर्यंत कुस्करले. एकेक घास हिरड्यांनी दाबत, तोंडापुढे हात धरून त्या जेवल्या. काकांचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. ते बसून राहिले.

जेवण झाल्यावर काकूंनी सवयीनं घमेल्यात पाणी भरलं, मऊ ब्रशला साबण लावला आणि एका शिताचाही स्पर्श न झालेली ती कवळी नेहमीसारखी निगुतीनं घासली.

वाटी धरायला काका उभे राहिले. त्यांच्या हातातल्या वाटीत पाणी हिंदकळत होतं. काकू थांबल्या. दुसरा हात त्यांनी वाटीखाली लावला आणि पाणी स्थिर झाल्यावर कवळी अलगद आत सोडली.