दोराची खालची बाजू

रविवारी सकाळी लेक आईकडे आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत आई बाबांचे कामाचे हातमोजे घालून टीव्हीसमोर बसली होती. बाबा लिफ्टच्या मोटारीला हात घालताना वापरायचे ते जाड, रबरी, कोपरापर्यंत येणारे हातमोजे. त्यात कंट्रोलर कसाबसा धरून आई एका बदकाला तळ्याकाठी चालवत होती. बदक दर दोन पावलांनी पाण्यात पडत होतं.

लेक दारातच थांबली. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. सगळ्यांनी तिला बजावलं होतं की अशी माणसं वरून ठीकठाक दिसतात, तू आपलं लक्ष ठेव. ती ठेवतच होती. सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करत होती, आणि दर भेटीत माझ्याकडे राहायला चल म्हणून आईच्या मागे लागत होती. आता तिने पिशवी हळूच खाली ठेवली आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, ते काढ बघू हातातलं."

"थांब जरा," आई मान न वळवता म्हणाली. "तुझ्यासाठीच चाललंय हे."

मग बदकाला पलीकडच्या काठावर नेऊन, हातमोजे काढून, घामेजलेले हात पदराला पुसत आईने सगळं सांगितलं.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते आणि तरुणपणापासून व्हिडिओ गेमचे शौकीन. आईचं उलट. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम, हाताखाली शिकाऊ मुली, ऑर्डरींचा ढीग. आपण बरं नि आपलं मशीन बरं. टीव्हीवर बाबा ठो-ठो करायला लागले की ती मशीनचं पायडल जरा जोरात मारायची. तिने आपल्याबरोबर खेळावं असं बाबांच्या फार मनात होतं. पण म्हणून त्यांनी हाताला येईल तो गेम तिच्यापुढे टाकला नाही. प्रत्येक गेम आधी ते स्वतः हातमोजे घालून खेळायचे. एकदा आई दोरे आणायला बाजारात गेली ती दुकान बंद म्हणून लवकर परतली, तेव्हा ते पकडले गेले. काय हे सोंग, असं तिने विचारलं. माझी बोटं फार शहाणी झाली आहेत, त्यांना सगळंच सोपं वाटतं, असं ते म्हणाले. त्यांना आधी अडाणी करायचं, आणि मग बघायचं की खेळात मजा येते की नुसती चिडचिड होते.

"आणि तरीसुद्धा पहिलाच चुकला," आई म्हणाली. ते सांगताना तिचा चेहरा खुलला. बायको शिवणकाम करते म्हणून बाबांनी हौसेने शिवणकामाचा गेम आणला होता. त्यात कापड कसंही आडवंतिडवं ठेवून कापायचे, उभ्या धाग्याचा पत्ता नाही, आणि तसला झगा घालून गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं. आईने कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुढे कित्येक दिवस टीव्हीच्या दिशेने बघितलं नाही. तेव्हा बाबांना उमगलं की दिवसभर जे हाताखालून जातं तेच माणसाला करमणूक म्हणून द्यायचं नसतं. पुढचा गेम त्यांनी आणला तो चिखलातून लाकडं वाहणाऱ्या ट्रकचा. जन्मात सायकल न चालवलेली आई त्या ट्रकवर अशी काही बसली की जेवणाची आठवण बाबांना करून द्यावी लागे.

"तुझ्यासाठी शब्दांचे गेम मी म्हणूनच बघितले नाहीत," आई म्हणाली. लेक एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासत असे.

"पण माझ्यासाठी गेम हवेतच कशाला?"

आईने टीव्हीकडे बघितलं. बाबा गेल्यापासून तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे खायचंय नाही, तिकडे जायचंय नाही, अमुक आणून दे नाही. लेकीला सगळ्यात भीती वाटायची ती याचीच.

"मला वर जायचंय," आई म्हणाली.

डोंगराचा गेम होता तो. त्यात एक लाल टोपीवाला आणि एक करड्या टोपीवाला, दोघांच्या कमरेला एकच दोर. एकट्याने खेळताच येत नाही. आई आणि बाबा तो डोंगर पायथ्यापासून चढत आले होते. शिखराखालचा शेवटचा कडा तेवढा राहिला आणि बाबा आजारी पडले. दोघं टोपीवाले अजून त्या कड्याखाली तसेच उभे होते.

बाबांचे धाकटे भाऊ, काका, मधल्या काळात येऊन गेले होते. तेही मुरलेले खेळाडू. दादाने वहिनीला अख्खा डोंगर खांद्यावर घेऊन चढवलं, उरलेली टेकडी मी चढवतो, असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. पण कड्याच्या मधोमध दर वेळी दोघं कोसळत. आधी त्यांनी कंट्रोलरला नावं ठेवली, मग वहिनी ऐकत नाहीत म्हणाले, आणि शेवटी चहा पिऊन गेले.

"काकांना जमलं नाही ते मला कसं जमेल? मला धड पत्ते पिसता येत नाहीत."

"म्हणूनच," आई म्हणाली. "दुसरीकडे शिकून आलेल्या मुली माझ्याकडे येतात ना, त्यांचा हात आधी उसवायला लागतो. कोऱ्या मुलीचं तसं नसतं. भाऊजींना सगळं येतं, तीच अडचण आहे."

लेकीला नाही म्हणवेना. मागणं इतक्या दिवसांनी आलं होतं.

मग दर रविवारी तिची शिकवणी सुरू झाली. सुरुवात बदकापासून, कारण बदक पाण्यात पडलं तर पोहायला लागायचं, मरायचं नाही. आईने कितीतरी गेम हातमोजे घालून बघितले आणि नाकारले होते. एकात बटणंच फार, दुसऱ्यात सूचना वाचून व्हायच्या आत पळून जायच्या. तिसरा दिसायला गोड होता, पण आईने तोही बाजूला काढला. "त्यात मेलं की पार पहिल्यापासून सुरू करायचं," ती म्हणाली, आणि बदकाचा गेम पुन्हा लावला.

लेक शिकत असताना आई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. ते बघून लेकीला हसू आलं. हा बाबांचा नियम का, असं तिने विचारलं, तर आई ताठ झाली. नियम तिचा होता. शिकाऊ मुलीचा टाका कितीही वाकडा जाऊ दे, तिच्या हातातून कापड काढून घ्यायचं नाही, नाहीतर तिचं मन उठतं. म्हणून मुलींना शिकवताना आई वर्षानुवर्षं हातांवर बसत आली होती. बाबांनी ते पुढच्या खोलीत डोकावून उचललं.

"गेममधलं ते मला शिकवायचे," आई म्हणाली, "पण शिकवायचं कसं ते माझ्याकडून शिकले." एरवी स्वतःबद्दल ती इतकं कधी बोलत नसे.

बदकानंतर सामान हलवायचा गेम आला. दोघींनी मिळून एक सोफा घराबाहेर काढायचा. सोफा दारात अडके, लेक डावीकडे ओढी, आई उजवीकडे, आणि खिडकीची काच फुटे. अगं तुझ्या बाजूने उचल, मी उचललाय, तो दिवा आहे तू उचललास तो, असं चालू असताना लेक इतकी हसली की पुढच्या खोलीतल्या मुली मशीन थांबवून डोकावल्या. या मुलींनी घरात हा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मग त्या परत कामाला लागल्या. ट्रकपर्यंत पोचेस्तोवर लेकीच्या अंगठ्यांना वळण लागलं होतं. बटण शोधायला तिला आता खाली बघावं लागत नव्हतं.

एका रविवारी आई म्हणाली, आज डोंगर. नेमके काकाही आले होते. ते सोफ्याच्या कोपऱ्यात चहाची बशी घेऊन बसले, चेहऱ्यावर बघूच या आता असा भाव.

डोंगर पडद्यावर आला. दोघं टोपीवाले कड्याच्या तळाशी उभे. लेकीने मनाशी तयारी केली होती. बाबांची जागा म्हणजे वरची, लाल टोपीची. आईला ओढून नेणारी. तिने लाल टोपीकडे बोट दाखवून विचारलं, "मी हा ना?"

"नाही गं. लाल मी. तुझे बाबा करडे."

लाल टोपीवाला चढत होता. भेगा शोधायच्या, कुठे हात टाकायचा ते ठरवायचं, उडी मारायची, हे सगळं त्याचं. करडा खाली खडकात ठोकलेल्या खुंटीपाशी बसून दोर धरायचा. वरच्याला लागेल तसा सोडायचा, तो घसरला तर आवळायचा. लेकीने पुन्हा विचारलं. सगळा डोंगर असाच? आईने मान हलवली. पायथ्यापासून. सुरुवातीला बाबांनीच तिला लाल टोपी दिली होती, आणि जरा वेळ बघू म्हणता म्हणता मग ती तिचीच झाली.

लेकीने काकांकडे बघितलं. काका बशीकडे बघत होते. गल्लीत, नात्यात, सगळीकडे गोष्ट उलटी सांगितली जात होती, आणि बाबांनी ती कधी कुणापुढे दुरुस्त केली नसेल असं नाही. कुणी ऐकलं नसेल. इतक्या वर्षांचा तरबेज माणूस तीन बटणं घेऊन खाली बसून राहिला होता, आणि त्याच्या डोक्यावर, कापडावरची खडूची खूण चुकू न देणाऱ्या हातांनी, त्याची बायको डोंगर चढत होती. लेकीला वाटलं, उठून खिडकी उघडावी आणि हे गल्लीला ओरडून सांगावं. तिने कंट्रोलर फक्त घट्ट धरला.

आई चढायला लागली. लेकीने तिला अशी चढताना कधी पाहिलं नव्हतं. एक हात भेगेत, दुसरा पुढे चाचपत, घाई नाही, थांबणं नाही. मधोमध कडा दुभंगला होता. पलीकडे जायला उडी पुरत नव्हती. लाल टोपीने हात सोडून खाली पडायचं, दोराला लोंबकळत झोका घ्यायचा आणि पलीकडची कड पकडायची. त्यासाठी ती पडत असताना खालच्याने दोर सोडत राहायला हवं होतं.

आईने हात सोडला. लाल टोपी खाली आली. लेकीने दोर आवळला. झोका अर्ध्यातच थांबला, आई कड्यावर आपटली आणि दोघी कोसळल्या.

"हेच माझंही व्हायचं," काका म्हणाले. "वहिनी पडताना दिसल्या की बोट आपोआप दाबतं. दादा कसा सोडायचा कोण जाणे."

दुसऱ्यांदाही तेच झालं, तिसऱ्यांदाही. आई चिडली नाही. हात मांडीखाली घेऊन ती लेकीकडे वळली.

"तू मला पडू देत नाहीयेस," ती म्हणाली. "मी पडणार आहे, ते मला माहीत आहे. तू सोड."

"आणि आपटलीस तर?"

"तर आपटेन. परत चढेन. फार घट्ट धरलंयस तू मला."

आईचा आवाज नेहमीचाच होता, बाही लावून दाखवताना असतो तसा. लेकीने कंट्रोलरवरची पकड सैल केली. काकांनी बशी टेबलावर ठेवली.

आई पुन्हा मधोमध आली. हात सुटला. लाल टोपी खाली, आणखी खाली गेली. लेकीच्या अंगठ्याखाली बटण होतं, पण तिने ते दाबलं नाही. दोर सरसर सुटत राहिला. झोका खोल गेला, पलीकडे वर चढला, अगदी वर, आणि लाल टोपीने कड धरली.

आई तशीच पुढे चढत शिखरावर गेली. वर वारा होता, बर्फ होतं, आणि तिने एकदा सगळीकडे बघून घेतलं; पडद्यावरची लाल टोपी हळूहळू गोल फिरली. लेकीला वाटलं, संपलं. पण आई वरच्या खुंटीपाशी बसली आणि तिने दोर हातात घेतला.

"आता तू ये," ती म्हणाली. "करडा खाली राहिलाय अजून."

लेक चढली. भेगा तिला दिसत नव्हत्या, उड्या चुकत होत्या. ती घसरली की वरून दोर ताणला जाई आणि लागलीच परत सैल होई. आई एक अक्षर बोलत नव्हती. चढायला नेमका किती वेळ लागला ते कुणी पाहिलं नाही, पण काकांनी दुसरा चहा स्वतःच करून आणला होता. शेवटच्या कडेवर लेकीचा हात पडला तेव्हा करडी टोपी लाल टोपीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

खाली सगळा डोंगर दिसत होता. काका घसा खाकरत म्हणाले की दादा असता तर आज कॉलर ताठ करून फिरला असता.

"फिरले असतेच," आई म्हणाली. मग तिने पुढच्या खोलीतल्या मुलींना हाक मारली. दोघी दारात आल्या. आईने पडद्याकडे हात केला.

"ही बघा, माझी मुलगी. हिने कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता." मग म्हणाली, "हिला दोर धरता येतो. आणि सोडताही येतो."

मुली बघत राहिल्या. लेकीचे कान तापले. आईचं लक्ष मात्र पुन्हा पडद्याकडे गेलं होतं. शिखराच्या पलीकडे, धुक्यातून, आणखी एक डोंगर दिसत होता, याहून उंच. आई पुढे वाकून त्याच्या कड्यांवरून नजर फिरवत होती.

"याला पुढच्या रविवारी हात घालू," ती म्हणाली. "अधेमधे फोन करायची गरज नाही. मी घरीच असते."