छप्पर आणि पूर

श्वे कुळाच्या त्या कोळशाच्या गावात होंग नावाचे दोन चुलतभाऊ होते. कानाला दोघांचे नाव एकच; चित्रलिपीत लिहिताना मात्र थोरल्याच्या चिन्हावर घराचे छप्पर येई, आणि धाकट्याच्या चिन्हाशेजारी पाण्याचे तीन थेंब, अर्थात पूर. "कुठला होंग?" असे कोणी विचारले की गावकरी बोटाने तळहातावर चिन्ह काढीत. ही रीत पूर्वापार चालत आलेली होती.

त्या वर्षी चिन्हांऐवजी उच्चाराप्रमाणे लिहायच्या ध्वनिलिपीची मोहीम आली. मूठभर अक्षरांत अवघी भाषा मावते, असे खाणीचा गाओ मुकादम सांगे. आणि खाणकामगारांचे पितळी बिल्ले त्याने त्याच अक्षरांत घडवून घेतले. दोघा होंगांचे बिल्ले साहजिकच एकसारखे निघाले. जेवणाच्या डब्यांवरही तीच अक्षरे. तस्मात थोरल्याची पत्नी सूयिन हिने वाफवलेले पाव एकदा धाकट्याच्याच पोटात गेले.

"वहिनी, अक्षरांनीच मला जेवायला बोलावलं," तो म्हणाला.

"मग भांडी पण अक्षरांकडूनच घासून घ्या, भावोजी."

पुढे हिवाळ्यात खाणीत वायूचा भडका उडाला. दोघे होंग आत होते. वर आला तो एकच देह, कोळशासारखा जळालेला; गळ्यात बिल्ला. आग विझेना म्हणून खाणीचे तोंड दुसऱ्या दिवशी दगडमातीने बुजवण्यात आले.

सूयिन बिल्ल्याकडे बघत राहिली. त्यावर छप्परही नव्हते, पाणीही नव्हते. बाजूला धाकटी जाऊ मेइलियान पाठीशी तान्हा मुलगा बांधून उभी होती.

"थडग्याच्या पाटीवर हीच अक्षरं कोरू," गाओ म्हणाला. "दोघंही त्यात येतात."

"दोघं येतात म्हणजे कुणीच येत नाही, मुकादम," सूयिन म्हणाली. "चिंगमिंगच्या सणाला पितरांचं पान मांडायचं, ते कुणापुढे? नाव चुकलं तर माणूस तिकडे उपाशी राहतो."

मेइलियान हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमचेच असतील. त्यांचे खांदे असे रुंद होते."

"जळाल्यावर खांदे कुणाचे राहतात, बाई?"

पाटी कोरणाऱ्या म्हाताऱ्याने छिन्नी उचलून विचारले, "कुठला होंग?"

सूयिनने त्या तान्ह्याकडे पाहिले. उद्या त्याला वाकून नमस्कार करायला एक थडगे हवे होते. तिच्या स्वतःच्या पोटी कोणी नव्हते. तिने म्हाताऱ्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने एकापाठोपाठ एक तीन थेंब काढले.

मेइलियान रडू लागली.

तेव्हापासून त्या गावात ध्वनिलिपीच्या वर्गाला कोणीही गेले नाही. चिंगमिंगच्या दिवशी पूर असलेल्या पाटीपुढे मायलेक पान मांडीत. सूयिन मात्र बाजरीच्या लापशीचा वाडगा बुजवलेल्या खाणीपाशी नेई, राखेत बोटाने आधी छप्पर काढी, आणि मगच वाडगा त्याखाली ठेवी. थडग्यात नेमका कोण निजला आहे, हे ती कोणाला विचारीत नसे.