अकरावी सही

अकरा सह्या लागणार होत्या. दहा झाल्या होत्या, आणि त्या दहांपायी यास्निदारचे आठ महिने खर्ची पडले होते.

कोतो सिलायांग गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर तिची चार भातखाचरं होती. तिची म्हणजे तिच्या एकटीची नव्हेत. पणजीनं फोडलेली ही जमीन आईकडून लेकीकडे अशी उतरत आलेली. विकायची तर घराण्यातल्या प्रत्येक जाणत्या बाईची सही हवी, आणि वर दातुकचा, म्हणजे घराण्याच्या कर्त्या मामाचा होकार. दातुकपद यास्निदारच्याच धाकट्या भावाकडे, बुस्तामीकडे होतं. त्यानं पहिल्याच दिवशी मान डोलावली होती.

"पूर्वजांना काय सांगायचं ते मी सांगेन," तो थोरल्या बहिणीला, त्याच्या उनीला, म्हणाला होता. "सह्यांचं मात्र तू बघ, उनी. बायकांच्या भानगडीत मला घालू नकोस."

घेणारा पाडांग शहरातला कुणी होता. तो कधी दिसला नाही. दिसायचा तो त्याचा दलाल हेंड्रिझाल. चिखलानं बरबटलेली मोटारसायकल बांधाला टेकवून त्यानं सोंडेवरून हात फिरवला होता आणि सांगितलं होतं, की नवा रस्ता इथूनच जाणार. इथं पेट्रोलपंप होईल, शेजारी खानावळ होईल.

"आज विका, अमाक," तो तिला आई म्हणूनच हाक मारायचा. "उद्या सगळं गाव विकायला निघालं की तुम्हाला कोण विचारतंय?"

सगळं गाव म्हणजे बावन्न घरं, त्यातल्या एकतीस घरांना कुलपं. पोरंपोरी शहरांत पांगलेली, ईदला आठ दिवस येणार, कुलपं काढणार, परत लावणार. शाळेचे वरचे दोन वर्ग गेल्या वर्षी बंद झाले. नांगराला माणूस मिळत नव्हता. यास्निदारला एकसष्टावं लागलं होतं, आणि चिखलात उतरलं की गुडघे आधी बोलायचे, मग ती. लेक डेल्फी पेकानबारूला नवऱ्यासोबत खानावळ चालवायची. मागे एक खोली आहे, तिथं येऊन राहा, असं ती दर शुक्रवारी फोनवर म्हणायची. फोन लागायचा तो फक्त मशिदीच्या पायरीवर, म्हणून लेकीचं सगळं बोलणं यास्निदारनं उभ्यानं ऐकलेलं होतं.

तर ती निघाली. पेकानबारूला तिघी होत्या, त्या झाल्या. जांबीच्या भाचीच्या नवऱ्याला कागदात काहीतरी काळंबेरं दिसलं, त्यानं तीन दिवस बसवून ठेवलं. यास्निदारनं त्यांच्या घरची भांडी घासली, पोराला खेळवलं, आणि चौथ्या दिवशी सही घेऊन बस धरली. बातामला जायला बोट. तिथली भाची कारखान्यात कामाला. दुपारच्या सुट्टीत ती फाटकाशी आली, भिंतीवर कागद धरून उभ्या उभ्या सही केली आणि म्हणाली, "मावशी, ही जमीन नेमकी कुठं आहे?"

यास्निदारनं सांगितलं. पोरीनं मान हलवली, पण तिला काही आठवलं नसावं.

अशीच आणखी गावं फिरून दहा झाल्या. आता उरली होती काम्सिया. ती मात्र गावातच होती. पाटाच्या पलीकडे, तीनशे पावलांवर.

दोघींच्या आया सख्ख्या बहिणी, त्यामुळे काम्सिया तिची थोरली बहीणच. पण अठरा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी यास्निदारच्या पाळीचं पाणी काम्सियानं रातोरात आपल्या खाचरात वळवलं, आणि यास्निदारनं दुसऱ्या दिवशी झऱ्यावर, सगळ्या बायकांदेखत, तिला पाणीचोर म्हटलं. तेव्हापासून काम्सिया झऱ्यावर यायची थांबली. लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायची.

यास्निदार गेली तेव्हा काम्सिया ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. यास्निदार पायरीशीच थांबली.

"उनी," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला हाक मारायचा तो शब्द तिच्या तोंडून पुरता निघालाच नाही.

काम्सियानं वर पाहिलं. "बस. पाय सुजलेत तुझे."

यास्निदार बसली. काम्सियानं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. थोडा वेळ दोघी देठ खुडत राहिल्या.

"कागदासाठी आलीस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तो दलाल माझ्या दारावरून जातो. त्याच्या पोटात काही राहतं का?" काम्सिया म्हणाली. "बाताम कसं आहे?"

"गरम. जिकडं तिकडं सिमेंट."

"बोटीत ओकलीस?"

"दोनदा."

"तळ्यातल्या होडीतही ओकायचीस." काम्सियानं एक सडकी मिरची अंगणात भिरकावली. "म्हणजे समुद्र ओलांडून आलीस, आणि हा पाट ओलांडायला आठ महिने लागले तुला."

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"नाही म्हणायचं असतं तर पहिल्याच दिवशी तुझ्या दारात येऊन म्हटलं असतं. मला काय, चारही मुलगे. लेक नाही. माझ्यामागं माझ्या सहीची गरजही कुणाला पडायची नाही." तिनं आणखी एक देठ खुडला. "तेवढं पाणीचोर म्हणालीस ते मागं घे."

यास्निदारनं विचार केला. थकली होती तरी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "पाणी तू घेतलं होतंस, उनी."

"घेतलं होतं. माझं भात करपत होतं. तरी चारचौघींत म्हणायचं नव्हतं."

"नव्हतं म्हणायचं," यास्निदार म्हणाली. "चुकलं माझं."

काम्सियानं पदराला हात पुसले, चष्मा आणला, आणि शाळेत गिरवलं होतं तसं एकेक अक्षर काढत अकरावी सही केली. मग कसावाचे उकडलेले तुकडे पुढ्यात ठेवले. यास्निदारनं दोन खाल्ले. तिसरा हातात असतानाच तिचे डोळे मिटायला लागले. काम्सियानं तिला उठवलं नाही.

कागद घेऊन बुस्तामी हेंड्रिझालला गाठायला तालुक्याला गेला तो तिसऱ्या दिवशी तसाच परतला. हेंड्रिझालचा फोन लागत नव्हता. आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेवटी खालच्या गावच्या बाजारात चहाच्या टपरीवर बुस्तामीला कळलं, की मोजणीच्या खुंट्या पलीकडच्या खोऱ्यात ठोकल्यात. रस्ता तिकडून जाणार. हेंड्रिझालही आता तिकडंच फिरतो, तिकडच्या म्हाताऱ्यांना अमाक म्हणतो.

"आपल्या हातावर तुरी दिल्या त्यानं," बुस्तामी म्हणाला. तो पायरीवर टोपी काढून बसला होता. "एवढी तुझी पायपीट झाली, उनी. मी नुसता मान डोलावून बसलो."

"तू तालुक्याला गेलास की."

"बसनं गेलो."

यास्निदारला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. तिनं कागद पेटीत ठेवला आणि भात चढवला. शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर उभं राहून तिनं डेल्फीला सांगितलं. पलीकडं खानावळीतली भांडी वाजत होती.

"मी खोलीला रंग दिला होता गं," डेल्फी म्हणाली.

"रंग कुठं जातोय."

"तू तशीच ये ना, अमाक. पडू दे ती जमीन."

"बघते," यास्निदार म्हणाली.

पण बघण्यासारखं एकच होतं. सगळ्या गावाची लावणी उरकत आली होती, आणि विकायचंच म्हणून तिनं तरवासुद्धा टाकला नव्हता. तिची चार खाचरं तणानं भरली होती. पुढं बुस्तामीनं कुणाचं तरी नांगरणीचं हातयंत्र मिळवून दिलं, तिनं नांगरणी करून घेतली, आणि चिखल तसाच रोपांवाचून पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काम्सिया डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन सोंडेवर आली.

"माझी जास्त झालीत," ती म्हणाली. "वाढून गेलीत, निम्मी जगतील. लावायची तर आजच."

"मी हो म्हटलं नाही अजून."

"मग म्हण. मान दुखते माझी."

दोघींनी पदर खोचले आणि चिखलात उतरल्या. एक ओळ संपली की ताठ उभं राहायला दोघींना एकमेकींचा हात लागायचा. तरण्या बायकांनी दिवसात उरकलं असतं, त्याला त्यांना चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर पाय सोडून खाऱ्या मासळीशी भात खाताना काम्सियानं विचारलं, "आपल्यामागं कोण लावणार गं हे?"

"कोणी नाही."

"मलाही तसंच वाटतं," काम्सिया म्हणाली आणि मासळीचा मोठा तुकडा यास्निदारच्या पानात ठेवला.

पीक बेताचंच आलं. खालचं खाचर उंदरांनी फस्त केलं. उरलेल्यातून एक पोतं काम्सियाला दिलं, एक बसवर घालून पेकानबारूला पाठवलं. डेल्फीनं कळवलं, की तांदूळ जाडा आहे, गिऱ्हाइकांना चालत नाही, पण घरी आम्ही तोच खातो. खोलीत सध्या खानावळीचा एक आचारी राहतो, तू येशील तेव्हा रिकामी करून देऊ.

यास्निदारनं फोन ठेवला. पायऱ्या उतरायला तिला हल्ली कठड्याला धरावं लागायचं. खाली काम्सिया रिकामी घागर घेऊन झऱ्याच्या वाटेवर उभी होती. दोघी चालू लागल्या. झऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. आता तिथं येणार तरी कोण होतं?