मख्लूफचं नाक

मख्लूफनं डब्याचं झाकण काढलं, नाक आत खुपसलं आणि डोळे मिटले. औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावरची मंडळी त्याच्याकडे बघू लागली. दिमोना गावात ज्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजा मिळायचा, तो डबा घेतला की आधी याच बाकावर यायचा. माल चांगला की भुस्कट, ते मख्लूफचं नाक ठरवायचं.

आजचा डबा परलाचा. हाडं ठणकायची म्हणून ही बाई अख्खी रात्र बसून काढायची.

"काय रे, आतच झोपलास का?" ती म्हणाली आणि खोकत सुटली.

मख्लूफनं एक कळी मोडून बघितली. देठ तुटला नाही, नुसता वाकला. म्हणजे माल ओलसर. पुढचं नाकानं सांगायचं, आणि नाक मेलेलं. केमो घेतल्यापासून त्याला कॉफी काय नि रॉकेल काय, सारखंच. पण हे बोलला असता तर या बाकावर त्याला कोण विचारणार होतं?

"खोकला कधीपासून गं?"

"मागच्या डब्यापासून. मला त्याचा ओल्या गोधडीसारखा वास आला होता बघ. पण तू फर्स्ट क्लास म्हणालास. म्हटलं, माझंच नाक म्हातारं झालं."

"आणि ओढलास?"

"सगळा! तुझा शब्द म्हणजे धर्मगुरूचा शिक्का, रब्बीनं पास केलं की डोळे मिटून खायचं."

बाक हसला. मख्लूफनं डबा तिच्या नाकाखाली धरला.

"हुंग."

"मी कशाला?"

"हुंग म्हणतो ना!"

तिनं हुंगलं. "तोच की. गोधडी."

"बुरशी आहे ती, परला. मागचीही तीच असणार. मला वर्षभर वासच येत नाही."

परलानं डोक्याचा रुमाल उगाच घट्ट केला.

"गाढवा," ती हळूच म्हणाली.

तो डबा घेऊन आत गेला. काउंटरवरच्या पोरीनं मान हलवली.

"आजोबा, उघडलेला डबा परत घेत नाही आम्ही. कुणी उघडला?"

"मी. राहू दे. माझ्या चिठ्ठीवरचा काढ."

बाहेर येऊन त्यानं आपला बंद डबा परलाच्या मांडीवर ठेवला.

"आणि तुझ्या पोटात कळ आली की तू काय ओढशील?" तिनं विचारलं.

"तू उघड आधी," तो तिच्याशेजारी टेकला. "वास कसाय, ते सांग मला."